कावड कोणाची?

नीरास्नान ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला त्याचे वर्णन सांगायला नको. वाल्ह्याचा मुक्काम आटोपून माऊलींची पालखी नीरेकाठी येते, पादुका दत्तघाटावर नेतात, स्नान होते आणि नदीच्या दोन्ही काठांवरून एकच गजर उठतो. नीरेच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा. एका जिल्ह्याची मंडळी निरोप देऊन मागे फिरतात, दुसऱ्या जिल्ह्याची पाडेगावला स्वागतासाठी उभी असतात. म्हणजे जिथे पादुका भिजतात तीच शीव. कागदावर रेघ आहे ती याच प्रवाहाच्या मध्यातून गेलेली. आपण पुढे लोणंद, फलटण, नातेपुते, वेळापूर करत पायी पंढरीला जातो; नीरेचे पाणी आपल्या वाटेने नरसिंहपूरला जाते, तिथे भीमेला मिळते आणि चंद्रभागा होऊन आपल्या आधी किंवा नंतर वाळवंटात हजर होते. कोण आधी पोचते हे मी इतक्या वर्षांत कधी मोजले नाही.

२०२५ च्या आषाढी वारीत लोणंदच्या मुक्कामी आमच्या दिंडीत एक प्रसंग झाला. तेव्हापासून माझे मन त्याच्याभोवती फिरते आहे, म्हणून हे लिहितो. आजीला सोबत म्हणून पहिल्यांदाच वारीला आलेला, इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा होता. रात्री जेवणे झाल्यावर राहुटीत बसलो असता त्याने मला विचारले, "महाराज, एप्रिलमध्ये पहलगाम झालं. आता सिंधूचं पाणी अडवायचं म्हणतात. आणि तुम्ही काल कीर्तनात सांगितलं की नाथमहाराजांनी काशीची गंगा गाढवाला पाजली. मग आपण काय करायचं? पाजायचं का अडवायचं?"

मी कीर्तनकार. उत्तर तयारच असते. मी म्हणालो, "बाळा, नाथांनी गाढवाची जात विचारली नाही, गाव विचारले नाही. तहान दिसली, कावड रिती केली. संतांचा मार्ग हाच." दोघा-तिघांनी मान डोलावली, मागून कुणीतरी 'रामकृष्णहरी' म्हटले, आणि विषय संपला असे मला वाटले.

कोपऱ्यात तात्या अंग टेकून पडले होते. तात्या म्हणजे आमच्या दिंडीतले जुने वारकरी. उभी हयात पाटबंधाऱ्यात पाटकरी म्हणून गेली. ते उठून बसले आणि म्हणाले, "महाराज, रागावू नका. नाथांची कावड नाथांच्या खांद्यावर होती. मी छत्तीस वर्षं चारीची दारं उघडली आन् लावली. त्यातला एक थेंबबी माझा नव्हता. कुणी तहानेला आला म्हणून मी दार वर उचललं असतं, तर माझी नोकरी गेली असती ते सोडा, खाली शेपटाकडच्या माणसाचा हंडा रिकामा राहिला असता. दया करायलाबी पाणी आपलं लागतं."

राहुटीत कुणी काही बोलेना. मीही बोललो नाही. मला उत्तर सुचले नव्हते हे एक कारण. दुसरे कारण तात्यांना ठाऊक नव्हते, ते पुढे येईल.

वाचकहो, नाथांची ती कथा आपण इतक्यांदा ऐकली आहे की ती आता कानावरून जाते, आत उतरत नाही. काशीहून गंगेची कावड उचलायची आणि रामेश्वराला नेऊन घालायची, हे व्रत. काही महिन्यांचे चालणे, खांद्याला पडलेले घट्टे, वाटेत कावड जमिनीवर टेकवायची नाही. आणि आता देव टप्प्यात आला असता तापलेल्या वाळूत एक गाढव तडफडताना दिसते. नाथ कावडीचे पाणी त्याच्या तोंडात ओततात. बरोबरचे लोक हळहळतात, आणि नाथांना मात्र रामेश्वर तिथेच पावला असे वाटते. या कथेत नाथांनी काय सोडले? नुसते पाणी नव्हे, आपले पुण्य सोडले, आपले चालणे सोडले. तात्या म्हणतात ते इथे शंभर टक्के खरे आहे. जे सोडले ते नाथांचे स्वतःचे होते. समजा ती कावड पैठणच्या शंभर घरांनी वर्गणी काढून, 'आमच्या नावाने देवाला घाला' म्हणून नाथांच्या खांद्यावर दिली असती, तर? मला वाटते नाथांनी तरीही पाणी पाजले असते. पण मग परत जाऊन शंभर उंबरठ्यांवर उभे राहून त्यांना जाब द्यावा लागला असता, आणि तो त्यांनी दिला असता. कथेला एक अध्याय वाढला असता. आज राज्यकर्त्यांपुढे जो प्रश्न असतो तो या न लिहिलेल्या अध्यायातला आहे.

पण तात्यांच्या बोलण्यातून दुसराही एक धागा निघतो, आणि तो त्यांच्या मताच्या उलट दिशेला जातो. चारीचे पाणी पाटकऱ्याचे नव्हते, कबूल. मग ते चारीच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याचे तरी होते का? वरचे शेत आणि खालचे शेत यांत पुण्याचा फरक नाही, उताराचा आहे. कावड कुणीतरी उचललेली असते. नदी कुणी उचललेली नसते. ज्याच्या दारात ती आधी येते तो कावडवाला नव्हे. तो फार तर पंगतीत पहिल्या पाटावर बसलेला माणूस, किंवा हातात बुंदीची परात असलेला वाढपी. महाप्रसादाच्या पंगतीत वाढप्याने शेवटच्या पानापर्यंत बुंदी पोचवली, तर आपण त्याला उदार म्हणत नाही. त्याचे काम त्याने केले एवढेच म्हणतो. मधेच संपवली तर मात्र बोलतो.

हे तत्त्व झाले. जगात ते कसे चालते हे पाहावे म्हणून मी या वर्षभरात जमेल तसे वाचले, मुलाबाळांकडून विचारून घेतले. सिंधूकडे नंतर येतो. आधी आपल्या गंगेविषयी, कारण ज्या गंगेची कावड नाथांनी उचलली ती काशीहून पुढे कुठे जाते, याचा विचार आपण कधी करत नाही. आपल्या मनातली गंगा काशीला थांबते, फार तर गंगासागरला. प्रत्यक्षात तिचा मोठा प्रवाह बांगलादेशात जातो आणि तिथे तिला पद्मा म्हणतात. नाव बदलले, पाणी तेच.

सीमेच्या थोडे अलीकडे, पश्चिम बंगालमध्ये फराक्का येथे आपण बंधारा बांधला. लांबी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, दारे १०९. तो १९७५ साली चालू झाला. हेतू वाईट नव्हता. कोलकात्याचे बंदर गाळाने भरत चालले होते. गंगेचे काही पाणी ३८ किलोमीटरच्या कालव्याने भागीरथी-हुगळीत सोडले तर गाळ वाहून जाईल, आणि कोलकात्याच्या पिण्याच्या पाण्यालाही गोडे पाणी मिळेल. त्या शहरात लाखो लोक हुगळीचेच पाणी पितात, तेव्हा त्यांची तहान खोटी म्हणता येत नाही.

पण तिकडे काय झाले? पावसाळ्यात गंगेला पाणी इतके असते की वाटणीचा प्रश्नच नसतो. भांडण जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांचे. त्या दिवसांत पद्मेला पाणी कमी आले की तिचा गोराई नावाचा फाटा आटतो. गोराई आटली की दक्षिणेकडून समुद्र आत सरकतो. पाण्याचा हा स्वभाव आहे, गोडे मागे हटले की खारे पुढे येते. खुलना भागात नद्या, तळी आणि कूपनलिका खाऱ्या होत गेल्या. याला एकटे फराक्काच कारणीभूत आहे असे म्हणणे न्यायाचे होणार नाही, समुद्राची चढ आणि कोळंबीची तळीही आहेत. पण वरून येणारे पाणी कमी होणे हे त्यातले मोठे कारण आहे. तिथल्या बाया एका घागरीसाठी लांब चालतात. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला नाही.

१९७६ च्या मे महिन्यात मौलाना भासानी नावाचे, नव्वदी ओलांडलेले म्हातारे पुढारी राजशाहीहून हजारो लोक घेऊन फराक्काच्या दिशेने चालत निघाले. सीमेच्या अलीकडे थांबले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते वारले. त्यांच्या राजकारणाशी मला कर्तव्य नाही, त्यातले पुष्कळ मला पटणारेही नाही. पण पाण्यासाठी पायी निघालेला तो लोंढा डोळ्यांपुढे आला, तेव्हा चालणे हे ज्याचे साधन आहे अशा माझ्यासारख्या माणसाला ते परके वाटेना.

पुढे करार झाले, मोडले. १९७७ ला एक पाच वर्षांचा झाला, मग तात्पुरते समझोते झाले, आणि १९८८ पासून १९९६ पर्यंत काहीच नव्हते. लिहून दिलेले नसले की वरच्याने जे सोडले ते घ्यायचे, अशी ती अवस्था. शेवटी १२ डिसेंबर १९९६ रोजी दिल्लीत देवेगौडा आणि शेख हसीना यांनी तीस वर्षांच्या करारावर सह्या केल्या. त्याची मुदत २०२६ च्या डिसेंबरात संपते.

हा करार मी माझ्या पुतण्याकडून समजावून घेतला. मला वाटले होते त्यात मैत्रीची मोठमोठी वाक्ये असतील. आहेत, पण थोडी. करार मुख्यतः एका कोष्टकावर उभा आहे. १ जानेवारी ते ३१ मे, दहा-दहा दिवसांचे टप्पे. फराक्काला ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी असेल तर निम्मे-निम्मे. ७०,००० ते ७५,००० असेल तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेले आपल्याला. त्याच्या वर असेल तर आपल्याला ४०,००० आणि बाकीचे त्यांना. आणि सगळ्यात कठीण काळ, ११ मार्च ते १० मे, यात एकेका दहा दिवसांच्या टप्प्यात आळीपाळीने एका देशाला ३५,००० क्युसेक नक्की मिळणार. पाणी ५०,००० च्या खाली गेले तर दोघांनी ताबडतोब एकत्र बसायचे. हे ऐकून मला पाटकऱ्याच्या वहीची आठवण झाली. तेच आवर्तन, तीच पाळी, तेच 'आज तुझे दार, परवा माझे'. तात्यांना दाखवले तर ते एवढेच म्हणाले, "ह्यो कागद करणारा माणूस चारीवर फिरलेला असणार."

अंमलात त्रुटी आहेत. ठरले तेवढे पाणी अमक्या वर्षी मिळाले नाही, अशी तक्रार तिकडून होते. नदीत वरूनच पाणी घटले तर आम्ही कुठून देणार, असे इकडून म्हणतात. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये वर किती उपसा होतो याचा हिशेब त्या कोष्टकात नाही, हा मोठाच दोष. दोन्ही देशांत मिळून वाहणाऱ्या नद्या ५४ आणि वाटणीचा असा पूर्ण करार फक्त गंगेचा. तिस्तेचा वर्षानुवर्षे अडकून पडलेला आहे. तरीही तीस वर्षे हा कागद टिकला, सरकारे बदलली, संबंध गोड झाले, कडू झाले, आणि उन्हाळ्यात फराक्काला दोन्ही देशांची माणसे शेजारी उभी राहून पाणी मोजत राहिली.

इथे माझ्यातला कीर्तनकार अडखळला. मोजून दिलेले प्रेम हे प्रेम आहे का? नाथांनी क्युसेक मोजले नव्हते. संत मोजत नाहीत, वाणी मोजतो, अशी आपली समजूत. मीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो. पण आता मला ते पुरते पटत नाही, आणि त्याचे कारण परदेशातले नाही, आपल्याच महाडचे आहे.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्याआधी आपल्या गावागावांत काय रीत होती? ज्यांना विहिरीला शिवू दिले जात नव्हते ते काठापासून लांब, रिकामे मडके घेऊन उभे राहत. वरचा कुणी आला, त्याला दया आली, तर तो वरून पाणी ओती. नाही आली तर उभे राहायचे. ओतणाऱ्यांत दयाळू माणसे नव्हती असे नाही, पुष्कळ असतील, माळकरीही असतील. पण त्या दयेने शीव पुसली गेली नाही, उलट रोज थोडी ठळक झाली. चोखोबांच्या संप्रदायात उभे राहून हे लिहिताना मान खाली जाते. बाबासाहेबांनी 'आम्हाला जास्त पाणी ओता' असे मागितले नाही. आमचा हात पाण्याला लागला पाहिजे, एवढेच म्हटले. गाढवाला पाणी पाजणे ही दया झाली, आणि ती थोरच. पण तहानलेला जेव्हा माणूस असतो, तेव्हा त्याला ओतणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून राहणे जाचते. त्याला उद्याचा घोट आज ठाऊक असायला हवा असतो.

म्हणून फराक्काचे ते कोष्टक मला आता रुक्ष वाटत नाही. खुलन्याच्या बाईच्या दृष्टीने पाहिले तर दिल्लीला कुणाला दया आली की नाही यावर तिचा हंडा अवलंबून नाही. कागदावर आकडा आहे आणि तो मागता येतो. हिशेब लिहून देणे म्हणजे 'मी उद्या रागावलो तरी तुझे पाणी तुझे' असे आजच सांगून ठेवणे. प्रेम आटलेल्या दिवसाची सोय प्रेम असतानाच करून ठेवायची असते. भावाभावांच्या वाटणीपत्रात विहिरीची पाळी लिहितात ती काही भांडण व्हावे म्हणून नव्हे.

असेच एक उदाहरण युरोपातले सापडले. स्वित्झर्लंडचे जिनिव्हा शहर आणि त्याला लागून फ्रान्सची गावे. दोघांच्या पायाखाली जमिनीत पाण्याचा एकच साठा, आणि दोघेही त्यातून पिण्यासाठी उपसत होते. आपल्याकडे बोअरची चढाओढ होते तशीच झाली. १९६० नंतरच्या वीस वर्षांत पातळी सात मीटरहून अधिक खाली गेली. भूगर्भातले पाणी तर आणखी फसवे. नदीची शीव निदान दिसते, खालचे कुणाचे कुठे संपते हे कोण सांगणार? १९७८ मध्ये त्यांनी करार केला. आर्व्ह नावाची नदी फ्रान्सच्या डोंगरांतून जिनिव्हाकडे येते. तिचे पाणी शुद्ध करून जमिनीत मुरवायचे केंद्र जिनिव्हाने उभारले, ते १९८० पासून चालू आहे. फ्रान्सकडील गावांनी वर्षाला ५०० कोटी लिटरपर्यंत पाणी उपसावे, त्यातले पहिले २०० कोटी लिटर विनामूल्य, पुढच्यासाठी मुरवण्याच्या खर्चात वाटा द्यावा. प्रत्येक विहिरीला मीटर. साठा पुन्हा भरला. तीस वर्षांनी करार संपला तेव्हा त्यांनी नवा केला. ते श्रीमंत देश, त्यांच्यात रक्त सांडलेले नाही, त्यांना हे सोपे गेले, असे कुणी म्हणेल तर ते बरोबरच आहे. मला त्यातले एवढेच घ्यायचे आहे की त्यांनी आधी भरायचे कसे हे ठरवले आणि मग कुणी किती काढायचे ते. आपण बहुधा काढण्यापासून सुरू करतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. तो टाळणे म्हणजे लबाडी होईल.

सिंधूचा करार १९६० चा. पूर्वेकडच्या रावी, बियास, सतलज आपल्याला. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः त्यांना. १९६५, १९७१, १९९९, तीन लढायांत तो मोडला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला २६ निरपराध माणसे मारली गेली आणि भारताने तो स्थगित ठेवला. त्या राहुटीत बसलेल्या प्रत्येकाच्या मनात तो राग होता, माझ्याही होता, आणि वारकरी असल्याने राग येऊ नये असे मी मानत नाही. अन्याय पाहून ज्याला काही होत नाही तो शांत नव्हे, निबर असतो. राज्याला प्रजेचे रक्षण करायचे असते, करार दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो, हेही खरे. तेव्हा दिल्लीत बसून काय करावे, हे मी सांगणार नाही.

पण प्रश्न मला विचारला गेला होता, दिल्लीला नव्हे, तर माझे उत्तर मी दिले पाहिजे. मला असे दिसते की करार आणि पिण्याचे पाणी हे दोन वेगळे विषय आहेत. सिंधू करारातसुद्धा तसेच आहे: ज्या नद्या त्यांना दिल्या त्यांतूनही वरच्याने घरगुती वापरासाठी पाणी घ्यायला मुभा ठेवलेली आहे. म्हणजे वाटणी करतानाच कुणीतरी चूल आणि हंडा बाजूला काढून ठेवला होता. शेती, वीज, धरणे यांचा दबाव म्हणून वापर करावा की नाही, यावर दोन मते असू शकतात. हंड्यावर मला दोन मते होता येत नाहीत. गोळी झाडणारा आणि नळाशी उभी असलेली बाई ही एकाच देशाची आहेत एवढ्यावरून तिच्या पोराच्या घशाशी आपला हिशेब चुकता होत नाही. माऊलींनी पसायदान मागितले त्यात दुष्टांचा दुष्टपणा जावा असे मागितले, त्यांच्या मुलांची तहान वाढावी असे नाही. हे मी कागदावर लिहितो आहे. पहलगामला ज्या घरातला कर्ता गेला, त्या घराच्या ओसरीवर बसून हेच बोलायचे झाले तर माझी जीभ अडखळेल, आणि अडखळावीच. तरी तिथेही मत हेच राहील.

तात्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनी पटले असे म्हटले नाही. "महाराज, तुमी हंडा आन् पाट वेगळा केला ते बरं केलं," एवढे म्हणाले. "पण पाटात पाणी आलं न्हाई तर हंडा कुठनं भरायचा?" ही अडचण खरी आहे. उन्हाळ्याच्या आवर्तनात पाण्यावर 'हे पिण्याचे' अशी चिठ्ठी लावलेली नसते. तेच पाणी उसाला जाते आणि तेच गावतळ्यात. माझ्याजवळ याला उत्तर नाही. फक्त एवढेच की मोजायला बसले तर हंड्याला लागणारे पाणी पाटाच्या मानाने फारच थोडे भरते, आणि तेवढे आधी बाजूला काढता येते. वाढपी शेवटच्या पानापुरती बुंदी आधी झाकून ठेवतो तसे.

आणि केवळ दिल्ली आणि ढाक्याकडे बोट दाखवून भागणार नाही. आळंदीला इंद्रायणीच्या फेसात उभे राहून आपण वरच्या गावांना आणि कारखान्यांना बोल लावतो, लावलाच पाहिजे. ती इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते आणि भीमा पंढरीला. पण चंद्रभागा पंढरीला संपत नाही. ती पुढे कर्नाटकात जाते, गाणगापूरला दत्तमहाराजांच्या पायाशी जाते, तिथली माणसे ती पितात. एकादशीनंतर वाळवंटात आपण जे टाकून येतो ते त्यांच्याकडे जाते. खालच्यासाठी आपणच वरचे आहोत. ही गोष्ट मला साठाव्या वर्षी कळली, याची लाज वाटते.

आता ते दुसरे कारण. तात्या बोलले तेव्हा मी गप्प का बसलो, ते.

आमचे शेत कालव्याच्या मध्यावर. तीसेक वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात पिण्याचे आवर्तन सुटले होते. पाणी शेतीला घ्यायचे नाही, शेवटच्या गावाचे तळे भरायचे, असा हुकूम होता. माझा दीड एकर ऊस वाळत होता. गळ्यात माळ होती, पहाटे काकड्याला जात होतो. तीन रात्री मी कालव्यात डोंगळा टाकून पाणी ओढले. मी एकटाच नव्हतो, काठावर ठिकठिकाणी काळे पाइप पडलेले असत, आणि सगळेच करतात तेव्हा आपले तेवढे चालते, असे मनाला सांगितले. खालच्या गावाचे तळे अर्धेही भरले नाही. मे महिना त्यांनी टँकरवर काढला. त्या वर्षीच्या वारीत मी नाथांची कथा सांगितली होती की नाही, आठवत नाही. सांगितली असणार, दरवर्षी सांगतो.

कार्तिकीहून परतल्यावर मी त्या गावी गेलो. तेव्हा तिथे सरपंच असलेले गृहस्थ आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत, डोळ्यांनी कमी दिसते. ओसरीवर बसून मी सगळे सांगितले, तीन रात्रींसकट. ते बराच वेळ काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून बसले. मग म्हणाले, "माहीत होतं महाराज. तुमच्या पाइपाला हिरवी सुतळी गुंडाळलेली होती. आम्ही पाच जण रात्री कालव्यानं वर चालत आलो होतो, कोण कोण ओढतंय बघायला. तुमच्या बांधावरबी उभा राहिलो होतो." मी विचारले, "मग डोंगळा काढून का नाही टाकला?" ते म्हणाले, "किती जणांचं काढायचं?"

मग त्यांनी आत सुनेला हाक मारली आणि माझ्यासाठी तांब्या आणायला सांगितला.